मेलच्या खुंटीपर्यंत

हिवरखेडीच्या शाळेनं कवायतीचा मास्तर मागितला होता. सरकारनं शालिकरामला पाठवला. तो बसमधून उतरला तेव्हा पारावरच्या मंडळींना वाटलं, मास्तर मागं राहिला असेल आणि त्याचं सामान आधी आलं असेल. शेतातून कापूस वेचून झाल्यावर उभी राहते ना पऱ्हाटी, नेमकी तशी त्याची अंगकाठी होती. सदऱ्याची बटणं लावली तरी आत आणखी एक माणूस मावेल अशी जागा उरायची.

शालिकराम मूळचा शेंदूरजनाघाटचा, माळ्याच्या घरचा. बाप दुसऱ्याच्या संत्र्याच्या बागेत कामाला. पोराला मात्र पहिलवान व्हायचं होतं. दोन वर्षं त्यानं आखाड्याची माती अंगाला फासली, बदाम मिळत नव्हते म्हणून भुईमुगाचे दाणे खाल्ले, आणि शेवटी वस्तादांनी त्याला जवळ बसवून मायेनं सांगितलं, "शालिक, तू कुस्ती सोड अन् कुस्ती पाह्य." दुसरा कोणी असता तर विहीर जवळ केली असती. शालिकराम हुतूतूत गेला. तिथं त्याला आपल्या अंगातली एकुलती एक दौलत सापडली. ती म्हणजे दम. गडी एका श्वासात पलीकडं जायचा, सगळ्यांना हात लावायचा, वाटेत एखाद्याला शिव्या देण्याइतका श्वास त्याच्यापाशी शिल्लक असायचा. त्या दमाच्या जोरावर अमरावतीच्या एका व्यायामशाळेत उन्हाळी वर्ग झाला आणि तालुक्याचा कारभार पाहणाऱ्या जनपद सभेच्या शाळेत नोकरी लागली. त्याची बायको पार्बताबाई म्हणायची, "यायच्या आंगात हाडं हायेत अन् हवा हाय. तिसरं काही देवानं घातलंच नाही."

शालिकराम त्यावर रागावत नसे. माणसाचं सारं दमात आहे, असा त्याचा पक्का सिद्धांत होता. दंड फुगवता येतात, छाती काढून चालता येतं, पण दम खोटा आणता येत नाही. या सिद्धांतापायी पुढं काय झालं, त्याची ही गोष्ट आहे.

साल साठचं. नव्या राज्याला उत्साह फार, त्यामुळं कागदांनाही उत्साह फार. जिल्ह्याच्या कचेरीतून हुकूम आला की प्राथमिक शाळेतल्या प्रत्येक मुलामुलीची शारीरिक क्षमता तपासावी. पळणं, उडी, वाकणं, ओझं उचलणं, सगळं पाहावं आणि पळण्याची वेळ सेकंदावर मोजावी. आता शाळेत सेकंद नावाची वस्तूच नव्हती. हेडमास्तर भगवंतरावांच्या खिशात घड्याळ होतं, पण ते दुपारच्या जेवणानंतर किल्ली दिली तरच चाले, आणि भगवंतराव जेवणानंतर झोपत.

शालिकरामनं तोडगा काढला. मैदानात एका ओळीत कडुनिंबाच्या चार खुंट्या ठोकल्या. पोरानं 'हुतूतू' म्हणत पळायचं. श्वास तुटला की थांबायचं. पहिल्या खुंटीशी थांबला तो शेळी. दुसरीपर्यंत गेला तो गोऱ्हा. तिसरीपर्यंत गेला तो बैल. चौथी खुंटी पार बाभळीजवळ होती. तिचं नाव मेल. बडनेऱ्याच्या स्टेशनातून हावडा मेल कशी धाडधाड जाते, ते शालिकरामनं एकदा पाहिलं होतं आणि ते दृश्य त्याच्या काळजात कायमचं बसलं होतं.

पोरांना हा खेळ भारी आवडला. पोरगं घरात शिरता शिरताच ओरडायचं, "माय वो, मी आज बैल झालो!" आणि माय चुलीपुढून म्हणायची, "मंग पेंडी टाकू का तुले?" महिनाभर गावात हेच चाललं. कोणाचा गोऱ्हा बैल झाला, कोणाचा बैल पडसं होऊन पुन्हा गोऱ्हा झाला, याच्या चर्चा विहिरीवर रंगायच्या.

मग दुधाची भुकटी आली.

परदेशातून आलेले गोल डबे, त्यावर कोणालाही न वाचता येणारी अक्षरं. भुकटी थोडी आणि पोरं फार. म्हणून कचेरीनं कळवलं की तपासणीत जी मुलं कमजोर ठरतील त्यांनाच रोज पेलाभर दूध द्यावं. शालिकरामनं हिशेब सोपा ठेवला. जो शेळीच्या पुढं जात नाही, त्याला दूध.

आठवड्याच्या आत अख्खी शाळा शेळी झाली.

पुंजाराम नावाचं एक रेड्यासारखं पोरगं होतं. त्याला आवरायला दोन पोरं लागायची. ते पहिल्या खुंटीला आलं आणि खुंटीच्या गळ्यात पडून खोकायला लागलं.

"काहून रे पुंज्या, काल त बैल होता?"

"दम सरला गुर्जी."

"असा कसा सरला एका रातीतून?"

पुंजाराम प्रामाणिक पोरगं. म्हणालं, "मायनं सांगतलं."

विहिरीवर त्याची माय दुर्गाबाई बाकीच्या बायांना समजावून सांगत होती, "बैल होऊन काय भेटते व? पाठीत टोचाले तुतारी भेटते. शेळीले दूध तरी भेटते."

गावात दूध होतं, पण ते बाजाराला जायचं. त्या पोरांना पेलाभर दूध हवंच होतं, मग ती शेळी असोत की बैल. शालिकराम समजून उमजून शेळ्या मोजत राहिला. पण आत कुठंतरी त्याला लागलं. दम खोटा आणता येत नाही हा त्याचा सिद्धांत खरा होता, पण तो खोटा घालवता येतो, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

अशा सगळ्या लबाड कळपात एकच पोर शेवटपर्यंत पळत होती. पंचफुला. चौथीतली, नऊ वर्षांची, मनगटं अशी की बांगडी चढवली तर कोपरापर्यंत जावी. देवमनची लेक. देवमन हंगामात बडनेऱ्याच्या जिनात कापसाच्या गाठी उचलायचा, एरवी मिळेल ती मजुरी करायचा. चार वर्षांपूर्वी त्यांच्या वस्तीनं बौद्ध धर्म घेतला, तेव्हापासून देवमनच्या चालण्यात फरक पडला होता. पूर्वी तो रस्त्याच्या कडेनं चालायचा, आता मधून चालायचा. एवढाच फरक, पण पारावरच्या लोकांना तो दुरूनही दिसायचा.

पंचफुला ओठ आवळून उभी राहायची, शिट्टी झाली की निघायची, आणि हुतूतूचा बारीक आवाज काढत शेळी, गोऱ्हा, बैल मागं टाकून मेलच्या खुंटीला जाऊन भिडायची. तिथं पोहोचली की मात्र खुंटीला धरून उकिडवी बसायची आणि बराच वेळ उठायची नाही. पहिल्यांदा ती अशी बसली तेव्हा शालिकराम धावत गेला. बघतो तर पोरीचे ओठ जांभळेनिळे.

"जांभळं खाऊन पळते काय व पोरी? आधी तोंड धुवाव न!"

तिनं वर पाहिलं आणि मान डोलावली. "हाव गुर्जी."

आषाढाचे दिवस होते. नाल्याकाठची जांभळीची झाडं पोरांनी रिकामी करत आणली होती. सगळ्या शाळेच्या जिभा जांभळ्या होत्या. भगवंतरावांचीसुद्धा. शालिकरामला शंका यायचं कारण नव्हतं.

मग तो दिवस आला ज्याची प्रत्येक कवायत-मास्तर वाट पाहतो. दसऱ्यानंतर अमरावतीला जिल्ह्यातल्या शाळांचा मेळावा होणार होता, साहेब लोक येणार होते, आणि प्रत्येक शाळेनं आपलं सर्वांत तगडं पोर धाडायचं होतं. शालिकरामनं पंचफुलाचं नाव घातलं. त्या रात्री त्याला जेवण गेलं नाही. पार्बताबाईला तो सांगत होता, "साऱ्या शाळेत एकच मेलगाडी हाय, अन् ते मी शोधून काढली." पार्बताबाई म्हणाली, "गाडी पळून राह्यली, अन् धूर तुमच्या नाकातून निघून राह्यला."

बातमी वस्तीत गेली. दुसऱ्या दिवशी देवमन शाळेत आला. ओसरीच्या पायरीशी उभा राहिला. भगवंतरावांनी "ये, वर ये" म्हटलं तर म्हणाला, "पायाले चिखल हाय." मग शालिकरामकडं वळून त्यानं विचारलं, "गुर्जी, नाव लेकीचंच लिवलं ना?"

"लेकीचंच."

"बापाच्या नावासगट?"

"बापाच्या नावासगट."

देवमननं मान हलवली. त्याला हसू येत होतं, पण ते त्यानं तोंडावर येऊ दिलं नाही. त्याच पावली परत गेला. त्या संध्याकाळपासून तो स्वतः लेकीला नाल्याच्या वाळूत पळवायला नेऊ लागला.

भादव्यात एके दिवशी शालिकरामनं पंचफुलाला सरावाला उभं केलं. आभाळ दाटलं होतं, मैदान ओलं होतं. ती पळाली, मेलच्या खुंटीला पोहोचली, आणि या वेळी उकिडवी न बसता सरळ मातीत बसली. शालिकराम जवळ गेला. ओठ तसेच. जांभळेनिळे.

सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं, "जांभळं खाल्ली?"

"हाव गुर्जी."

तो वळला. दोन पावलं चालला. आणि थांबला. नाल्याकाठची झाडं त्याच्या डोळ्यांपुढं आली. जांभळं संपून महिना उलटून गेला होता. फांदीवर पोपटाला टोचायलाही काही उरलं नव्हतं.

तो परत आला आणि तिच्यापुढं बसला. "जीभ दाखव."

पंचफुलानं जीभ काढली. स्वच्छ गुलाबी जीभ.

शालिकरामनं तिला वळवलं आणि तिच्या पाठीला कान लावला. आखाड्यात, खेळात, शाळेत त्यानं किती छात्या मोजल्या असतील, पण त्या छातीच्या आत काय चाललं आहे ते कधी ऐकलं नव्हतं. ती नुसती धडधड नव्हती. जात्यात खडा आला म्हणजे दळणाचा आवाज कसा बदलतो, तसा आवाज येत होता. घरघर, मग अडखळ, मग पुन्हा घरघर.

"पोरी, तुले दम लागते?"

ती परकरावरची माती झटकू लागली.

"रातच्यान झोप येते?"

"बसून येते," ती म्हणाली.

"मंग थांबत काहून नाही व तू? सारे पोट्टे शेळीपाशी थांबतेत. तुले कोनी सांगतलं शेवटापर्यंत जायाले?"

पंचफुलानं ओल्या मातीत बोटानं एक रेघ ओढली. मग म्हणाली, "शेळी झालं का दुधाच्या रांगीत बसा लागते."

"मंग? चांगलं नाही लागत दूध?"

"दूध वाटणारी तानुबाई बाकीच्याइच्या पेल्याले पळी टेकवते. आमच्या वस्तीतल्याइले वरून धार सोडते." ती हे तक्रार म्हणून सांगत नव्हती, नदीला पूर आला असं सांगावं तसं सांगत होती. "बाबा म्हणते, तसं दूध प्याचं नाही. अन् त्या रांगीत बसाचंच नाही. मंग कमजोर दिसून कसं चालंन?"

शालिकराम उठला. दूध वाटायची वेळ झाली होती. रांग त्याच्या नजरेच्या टप्प्यात रोज बसायची. तो रोज त्याच वेळी मैदानात पोरांची उडी मोजत असायचा, आणि रांगेकडं त्याची पाठ असायची. आज तो रांगेच्या टोकाला जाऊन उभा राहिला.

तानुबाई बादली घेऊन आली. सगळं पंचफुलानं सांगितलं होतं तसंच. पुंजारामच्या पेल्याला पळी टेकली. पुढच्या पोराच्या पेल्यालाही टेकली. मग देवमनच्या वस्तीतलं एक पोर आलं, आणि तानुबाईचा हात खांद्यापर्यंत वर गेला. दुधाची बारीक धार वाऱ्यानं हलली, थोडी पोराच्या मनगटावर सांडली. पोरानं ती चाटली. धार संपली, हात खाली आला, पुढच्या पेल्याला टेकला. कोणी कोणाकडं पाहिलं नाही.

तानुबाई शालिकरामच्या नात्यातली, लांबची मावशी. तिला नोकरी त्यानंच मिळवून दिली होती. वाटप झाल्यावर त्यानं तिला बाजूला घेतलं.

"मावशे, हे काय करून राह्यली तू?"

"काय?"

"हात वर काहून जाते?"

तानुबाईनं आपल्या हाताकडं पाहिलं. तिला खरंच कळलं नव्हतं. मग कळलं, आणि तिचा चेहरा उतरला, आणि मग ती चिडली. "मी का मुद्दाम करतो रे बाप्पा? हात आपोआप वर जाते. साठ वर्साचा हात हाय माहा. तू मले आज शिकवतं?"

भगवंतरावांकडं गेला तर ते म्हणाले, "रांग एक, बादली एक, दूध एक. कायद्यात बसतं सगळं. आणखी काय करायचं, मास्तर?"

शालिकराम घरी गेला. देवमन आपल्या घरी आला तर पार्बताबाई त्याला पाणी कसं देते, हे आठवायचा त्यानं प्रयत्न केला. आठवेना. देवमन कधी घरी आलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी पळी त्यानं आपल्या हातात घेतली. तानुबाई रुसून घरी बसली. दूध कालवायची अक्कल शालिकरामला नव्हती. पाणी एकीकडं आणि भुकटीचे गोळे एकीकडं असा तो प्रकार होता. पोरं गोळे चघळत प्यायची. तपासणीची अटही त्यानं काढून टाकली. डबे संपतील तेव्हा संपतील, जो येईल त्याला दूध. तीन-चार घरांनी आपली पोरं दुधाच्या वेळी घरी बोलावून घेतली. ती पोरं पुढच्या दारानं जायची आणि कुंपणातून परत यायची. त्यांचा धर्म घरी सांभाळला जात होता, भूक शाळेत.

आता शेळी होण्यात फायदा उरला नव्हता, म्हणून सगळी शाळा पुन्हा बैल झाली. पुंजाराम तर मेलची खुंटी ओलांडून बाभळीच्या काट्यात जाऊन पडला. आणखी सातआठ पोरं त्याच्या मागोमाग पोहोचली. शालिकराम ते बघत उभा राहिला, आणि त्याच्या मनात जे आलं ते त्यानं पुढं कधी कोणाला सांगितलं नाही. पंचफुला पहिली आली होती ती बाकीचे थांबले होते म्हणून.

पंचफुला मात्र रांगेत बसली नाही. "बाबाले इचारलं नाही," म्हणाली.

त्या संध्याकाळी शालिकराम वस्तीत गेला. देवमननं खाटेवर घोंगडी टाकली. पंचफुलाची माय इंदूबाई पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि थबकली. शालिकरामनं तांब्या घेतला, तोंडाला लावला. मग जे पाहिलं, जे ऐकलं ते सांगितलं. दुधाचं सांगितलं, तेव्हा देवमन नुसता ऐकत होता. ओठांचं सांगितलं, तेव्हा इंदूबाई दारातच खाली बसली.

"तीन वर्साआंधी तिचे सांधे सुजले होते," ती म्हणाली. "या घुडघ्यातून त्या घुडघ्यात. ताप हटे ना. मंग आपोआप गेलं. आमाले वाटलं, गेलं."

शालिकराम, देवमन आणि पंचफुला बसनं अमरावतीला गेले. सरकारी दवाखान्यात डॉक्टरनं नळी लावली, पुढून ऐकलं, मागून ऐकलं, पोरीला कुशीवर निजवून ऐकलं. मग नळी कानातून काढून शालिकराम आणि देवमनकडं पाहिलं.

"या मुलीला पळवत कोण होतं?"

"मी," शालिकराम म्हणाला.

"मी," देवमन म्हणाला. दोघांचे शब्द एकाच वेळी आले.

डॉक्टर रागावणार होता, पण एका गुन्ह्याचे दोन कबुलीदार पाहून त्याचा राग वाटून गेला असावा. त्यानं हळू आवाजात सांगितलं. त्या सांध्यांच्या तापात काळजाची एक झडप आखडली आहे. दर महिन्याला इंजेक्शन, न चुकता. दूध, अंडी, विश्रांती. शाळेत जाऊ दे, शिकू दे, पण पळणं नाही, चढण नाही, ओझं नाही. "जपलंत तर पोर मोठी होईल," तो म्हणाला.

परतीच्या बसला वेळ होता. स्टँडच्या बाहेर कडुनिंबाखाली ते बसले. पंचफुला बापाच्या मांडीवर डोकं ठेवून झोपली. शालिकराम म्हणाला, "कचेरी जवळच हाय. मी जाऊन मेळाव्यातून तिचं नाव काढून येतो."

"नोको."

"देवमन, डॉक्टर काय म्हणाला ते ऐकलं ना तू?"

"ऐकलं." देवमन लेकीच्या केसांवरून हात फिरवत होता, पण आवाज दगडासारखा होता. "पळू नोका देऊ. आजारी होती म्हणून आली नाही, असं लिवा. पण नाव राहू द्या. कमजोर लिवू नोका."

"कमजोर लिवल्याबिगर शाळेत तिले दूध भेटाचं नाही. डबे सरून राह्यले. नवे डबे कचेरी कमजोराइच्या नावानंच देते. अन् दर महिन्याच्या सुईसाठी चिठ्ठीबी त्याच नावावर भेटते."

"गुर्जी." देवमननं पहिल्यांदा त्याच्याकडं नीट पाहिलं. "माह्या आज्यानं गावाची मेली ढोरं ओढली, तरी त्याले कमजोर म्हणत होते. माह्या बापाले कमजोर म्हणत होते. मी जिनात दोघाइची गाठ एकटा उचलतो, तरी मुकादम म्हणते, तुमच्यात जोर नाही. एक दिवस, एकच दिवस, माह्या घरात पयला नंबर आला. साऱ्या गावानं ऐकला. तोबी तुमी पुसून टाकता?"

शालिकरामच्या जिभेवर उत्तर तयार होतं. तो नंबर खरा नव्हता. बाकीचे दुधासाठी थांबले होते, तुझी पोर पहिली नव्हतीच. एवढं वाक्य बोललं असतं तर वाद तिथंच मिटला असता. देवमनपाशी मग काही उरलं नसतं, आणि कागद सरळ झाला असता.

त्यानं ते वाक्य गिळलं. आयुष्यात त्यानं पुष्कळदा दम रोखला होता. त्यातला हा सर्वांत कठीण.

"पुसत नाही," तो म्हणाला. "पण भाऊ, ते कोनासाठी पळत होती ते विचारा तिले."

पंचफुला जागी झाली होती. तिनं डोळे उघडले नव्हते. देवमननं विचारलं, "पंचा, तुले दम लागत होता?"

"लागत होता."

"वाळूत आपण पळत होतो तवाबी?"

"तवा जास्त."

"मंग सांगतलं काहून नाही माय? म्या थांबवलं असतं ना तुले."

तिला हा प्रश्न विचित्र वाटला. ती उठून बसली. "तुमीच त म्हणलं होतं बाबा. आपुन कमजोर दिसाचं नाही."

बस आली. तिघं चढले. वाटभर देवमन खिडकीबाहेर पाहत होता, आणि बाहेर काळोखात पाहण्यासारखं काही नव्हतं. हिवरखेडीला उतरले तरी नाव ठेवायचं की काढायचं, हे ठरलं नव्हतं.

पुढं नोकरी संपेपर्यंत शालिकराम तपासणीच्या आधी प्रत्येक पोराला वळवून त्याच्या पाठीला कान लावायचा. डॉक्टरला जे नळीनं कळतं ते त्याला कानानं कळेलच असं नव्हतं, आणि बहुतेक वेळा काहीच कळत नसे. पण ऐकल्याशिवाय तो पळू देत नसे. बाजारात टरबूज घेणाऱ्या बाया एकमेकींना म्हणायच्या, "मास्तरावानी कान लावून पाह्य, पिकलं का नाही." त्यावर तोही हसायचा. पण हे पुढचं.

अमरावतीहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी शालिकराम शाळेला निघाला होता. पाऊस उघडला होता. मारुतीच्या पाराशी तो आला, तर वस्तीकडून देवमन येताना दिसला. वस्तीतून शाळेला जायला नाल्याकडून एक आडवाट होती. वस्तीतले सगळे तिकडूनच जात, पण तिला चढ होता. देवमन त्या वाटेनं आला नव्हता. तो गावाच्या मुख्य गल्लीतून येत होता, गल्लीच्या मधोमध, आणि त्याच्या खांद्यावर पंचफुला बसली होती. नऊ वर्षांची पोर, पाय बापाच्या छातीवर लोंबत होते. लाजेनं तिनं तोंड बापाच्या मुंडाशात लपवलं होतं.

पारावर नेहमीची चार माणसं होती. त्यातलं एक म्हातारं खवळणाऱ्यांतलं नव्हतं, नुसतं जिभेला काम हवं असणाऱ्यांतलं होतं. ते म्हणालं, "काहून रे देवमन, तुही मेलगाडी खांद्यावर घेतली? चाकं गेली काय?"

बाकीचे हसले. शालिकरामनं पाऊल उचललं. पण देवमन थांबला. त्यानं मोकळ्या हातानं पोरीचे पाय घट्ट धरले आणि पाराकडं तोंड केलं. गाठ उचलताना हमालाच्या मानेची शीर ताठते तशी त्याची शीर ताठली होती.

"चाकं नाही गेली," तो म्हणाला. आवाज सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढा. "कमजोर हाय माही पोरगी. काळजाचं दुखणं हाय. पळाचं नाही तिनं आता. शाळेत शिकाले अन् दूध प्यायाले नेतो."

हसणं थांबलं. ज्या म्हाताऱ्यानं विचारलं होतं त्यानं पाराखाली सोडलेले पाय वर ओढून घेतले.

देवमननं शालिकरामकडं पाहिलं. "गुर्जी, कागदावर तसंच लिवा," म्हणाला, आणि चालू लागला. एका हातात पोरीची पाटी होती, ती सारखी त्याच्या गुडघ्याला लागत होती. शालिकरामनं पुढं होऊन ती काढून घेतली. मग तो त्या दोघांच्या मागोमाग निघाला, पाटी काखेत धरून. पंचफुलानं मुंडाशातून तोंड वर काढलं होतं आणि एवढ्या उंचीवरून ती गावाची घरं पहिल्यांदाच पाहत होती.